विश्लेषण : पासवर्ड बरोबर, तरी लॅपटॉप वाय-फायला का जोडला जात नाही? भास्कराचार्यांच्या ‘कुट्टका’शी त्याचे काय नाते?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नडहून चाळीसगावकडे निघाले की औट्रम घाट लागतो. घाट उतरला की खानदेश. गौताळ्याच्या जंगलाला लागून, डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवीचे मंदिर आहे. तिथल्या पाटण गावात आठशे वर्षांपूर्वी एक मठ होता. त्यात शिकवायचे ते भास्कराचार्यांचे गणित आणि ज्योतिष. आज फोन, लॅपटॉप आणि राउटर एकमेकांशी गुप्तपणे बोलतात, तेव्हा त्यांच्या हिशेबात भास्कराचार्यांनी सोडवलेला एक प्रश्न पुन्हा येतो. वाय-फाय भारतात आठशे वर्षांपूर्वीच होते, असे सांगणारे संदेश व्हॉट्सअॅपवर फिरतात. त्यात तथ्य नाही. पण खरे नाते काय, हे पाहिले तर जोडणी का अडते तेही समजते आणि भास्कराचार्यांचे मोठेपणही कळते.

भास्कराचार्य कोण होते?

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इसवी सन १११४ मधला. सातव्या शतकात याच नावाचे आणखी एक गणिती होऊन गेले. त्यामुळे अभ्यासक यांना दुसरे भास्कराचार्य म्हणतात. गोत्र शांडिल्य, वडील महेश्वर. महेश्वर स्वतः ज्योतिषी होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. घराण्यात विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. त्यांच्या पूर्वजांपैकी भास्करभट्ट यांना भोजराजाकडून विद्यापती ही पदवी मिळाल्याची नोंद आहे.

सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे आपले गाव असल्याचे भास्कराचार्यांनी लिहून ठेवले आहे. हे गाव नेमके कोणते यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पाटण, बीड आणि कर्नाटकातील विजापूर अशी तीन नावे पुढे येतात. त्यांच्या घराण्याचा पाटणशी असलेला संबंध मात्र शिलालेखानेच सिद्ध केला आहे.

वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावतीत अंकगणित आणि भूमिती आहे. बीजगणितात अज्ञात संख्यांची समीकरणे आहेत. उरलेल्या दोन भागांत ग्रहांच्या गती आणि खगोल. या ग्रंथातील नियमांची उपपत्ती, म्हणजे नियम तसा का आहे याचे स्पष्टीकरण, त्यांनी ‘वासनाभाष्य’ या स्वतःच्या टीकेत दिले. नुसते उत्तर सांगून थांबायचे नाही, पद्धत आणि तिचे कारण दोन्ही सांगायचे, ही त्यांची शिस्त होती.

जन्मवर्ष शब्दांत लिहिले तर वाचायचे कसे?

भास्कराचार्यांनी आपले जन्मवर्ष आकड्यांत लिहिले नाही, शब्दांत लिहिले. त्या काळी ग्रंथ श्लोकांत असत, म्हणून संख्यांसाठी ठरावीक शब्द वापरत. रस सहा, म्हणून रस म्हणजे ६. गुण तीन, म्हणून ३. पूर्ण म्हणजे शून्य. मही म्हणजे पृथ्वी, ती एकच, म्हणून १. या क्रमाने आकडे मांडले तर ६३०१ होतात. पण संकेत असा की आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे. मग मिळतात १०३६. शब्द बरोबर, अर्थ बरोबर, पण वाचण्याची दिशा ठाऊक नसेल तर वर्ष चुकते.

दोन वेगळ्या जातींच्या संगणकांत वाय-फाय अडते तेव्हा बरेचदा असेच घडते. १९९७ मध्ये वाय-फायचे पहिले मानक आले. त्यातल्या सुरक्षा पद्धतीचे नाव होते ‘वेप’. तिची किल्ली दोन प्रकारे लिहिता येई. एक, ५ किंवा १३ अक्षरांचा शब्द. दुसरी, १० किंवा २६ चिन्हांची संख्या, ज्यात ० ते ९ आकडे आणि ए ते एफ ही अक्षरे येतात. याखेरीज काही कंपन्यांनी साध्या शब्दापासून किल्ली बनवण्याची आपापली रीत ठेवली होती. विंडोजच्या संगणकावर आणि मॅकवर तोच शब्द टाकला, तरी दोघांच्या पोटात तयार होणारी किल्ली वेगळी असू शके. पासवर्ड बरोबर, तरी दार बंद. यावर उपाय एकच होता : राउटरच्या पानावरून शब्दाऐवजी २६ चिन्हांची मूळ किल्ली घ्यायची आणि तीच दोन्हीकडे भरायची.

२००१ मध्ये वेपच्या गणितातले दोष उघड झाले. २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’ आणि २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ आले. त्यांनी किल्ली बनवण्याची रीत सर्वांसाठी एकच ठरवून दिली. ८ ते ६३ अक्षरांचा पासवर्ड घ्यायचा, त्यात वाय-फायचे नाव मिसळायचे आणि ठरलेली क्रिया ४,०९६ वेळा करायची. संगणक कोणत्याही जातीचा असो, किल्ली एकच निघते. मात्र लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांतला फरक किंवा शेवटी पडलेली एक मोकळी जागासुद्धा किल्ली पार बदलून टाकते.

पासवर्ड हवेतून जातो का?

नाही. राउटर एक यादृच्छिक संख्या पाठवतो, फोन दुसरी पाठवतो. या दोन संख्या आणि आपल्याजवळची किल्ली यांवरून दोघेही स्वतंत्रपणे हिशेब करतात. दोघांचे उत्तर जुळले तर किल्ली एकच आहे हे सिद्ध होते. शेजारी बसून हवेतले संदेश टिपणाऱ्याला पासवर्ड दिसत नाही.

एकाच पद्धतीने दोन ठिकाणी केलेला हिशेब एकाच उत्तराला पोचला पाहिजे, हा या साऱ्याचा पाया. लीलावतीची रचनाही त्याच अपेक्षेने आहे. गुरू जवळ नसला तरी नियम वाचून कोणत्याही गावच्या विद्यार्थ्याचे उत्तर तेच यावे.

‘कुट्टक’ म्हणजे काय?

कुट्टक म्हणजे कुटून बारीक करणे. मोठ्या संख्यांना एकमेकींनी भागत भागत लहान करायचे आणि मग उलट्या वाटेने उत्तर उभे करायचे, अशी ही रीत. तिची सुरुवात आर्यभटांच्या ४९९ मधील ग्रंथात आढळते. पुढे ब्रह्मगुप्तांनी ती वाढवली. भास्कराचार्यांनी ती लीलावती आणि बीजगणित या दोन्ही भागांत नीट मांडली.

लीलावतीतले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २२१ ला कोणत्या संख्येने गुणून त्यात ६५ मिळवले असता बेरजेला १९५ ने निःशेष भाग जाईल? सुरुवातीलाच सरळ भागायला बसायचे नाही, असे भास्कराचार्य शिकवतात. आधी तिन्ही संख्यांचा सामाईक भाजक पाहायचा. तो आहे १३. त्याने भागले की प्रश्न लहान होतो : १७ ला कोणत्या संख्येने गुणून ५ मिळवले तर १५ ने भाग जाईल? उत्तर ५. कारण १७ × ५ + ५ = ९०, आणि ९० म्हणजे १५ × ६. पुढची उत्तरेही लगेच मिळतात. ५ मध्ये १५ मिळवा, २० येतील. तेही चालते.

ग्रहगणितात याची गरज पडे. वेगवेगळ्या वेगाने फिरणाऱ्या ग्रहांच्या फेऱ्यांची बाकी ठाऊक असेल, तर किती दिवस लोटले हे काढायचे असते. तिथे कुट्टक कामी येतो.

या गणिताचा आजच्या कुलूप-किल्लीशी काय संबंध?

भास्कराचार्यांनी ‘स्थिरकुट्टक’ नावाचा एक सोपा मार्गही सांगितला. मिळवायची संख्या कितीही असो, आधी ती १ धरून प्रश्न सोडवायचा आणि मग आलेल्या उत्तराला मूळ संख्येने गुणायचे. हा ‘१ बाकी उरेल असा गुणक शोधा’ प्रश्न आजच्या संगणक सुरक्षेत जसाच्या तसा येतो.

१९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ‘आरएसए’ ही पद्धत शोधली. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. तिचे लहान रूप असे. ५ आणि ११ या दोन मूळ संख्या घ्या. त्यांचा गुणाकार ५५. दोन्हींतून एकेक वजा करून गुणा : ४ × १० = ४०. आता कुलूप म्हणून ३ हा आकडा निवडा. किल्ली कोणती? ३ ला जिने गुणले असता ४० ने भागून १ बाकी उरेल ती. हा कुट्टकच आहे. उत्तर २७. कारण ३ × २७ = ८१, आणि ८० वजा केले की १ उरतो.

आता ५५ आणि ३ हे आकडे जगजाहीर करा. कुणाला ७ हा आकडा गुप्तपणे पाठवायचा असेल तर त्याने ७ चा घन करावा : ३४३. त्याला ५५ ने भागून उरलेली बाकी १३. हवेतून १३ जाते. ज्याच्याजवळ २७ ही किल्ली आहे तो १३ चा २७ वा घात करून ५५ ने भागतो, तेव्हा बाकी ७ उरते. ५५ चे अवयव ५ आणि ११ हे कुणीही ओळखेल. पण खरोखरीच्या किल्ल्यांत ही संख्या सहाशेहून अधिक अंकांची असते. तिचे अवयव काढणे आजच्या संगणकांना जमत नाही, म्हणून किल्ली सुरक्षित राहते.

घरातल्या साध्या डब्ल्यूपीए-२ वाय-फायमध्ये आरएसए लागत नाही. पण महाविद्यालयांत आणि कार्यालयांत प्रत्येकाला वेगळे नाव आणि पासवर्ड असलेले वाय-फाय असते. तिथे सर्व्हर आधी आपले प्रमाणपत्र दाखवतो. त्या प्रमाणपत्रामागे आरएसए किंवा तशाच एखाद्या पद्धतीचे गणित असते. बँकेचे अॅप उघडतानाही तेच.

भास्कराचार्यांनी ‘दुष्ट’ प्रश्न कोणता म्हटला?

कुट्टकाच्या सुरुवातीलाच त्यांनी एक इशारा दिला आहे. दोन संख्यांना सामाईक भाजक आहे, पण मिळवायच्या संख्येला त्याने भाग जात नाही, तर तो प्रश्नच दुष्ट समजावा. म्हणजे त्याला उत्तर नाही. ६ ला कोणत्या संख्येने गुणून १ मिळवले तर ४ ने भाग जाईल? रात्रभर बसले तरी ती संख्या सापडणार नाही. सहाची पट सम, त्यात १ मिळवला की विषम, आणि विषम संख्येला ४ ने भाग कसा जाणार? आकडेमोड करण्याआधी प्रश्न सुटण्याजोगा आहे का, हे पाहायचे.

वाय-फायच्या तक्रारीतही हाच क्रम कामाला येतो. नवा राउटर बसवला, फोन चालतो, जुना लॅपटॉप मात्र जोडला जात नाही. घरचे लोक पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसतात. पण राउटर फक्त २०१८ मध्ये आलेल्या ‘डब्ल्यूपीए-३’ वर ठेवला असेल आणि लॅपटॉपला डब्ल्यूपीए-२ पर्यंतच येत असेल, तर दोघांची सामाईक भाषाच नाही. हा दुष्ट प्रश्न. पासवर्ड शंभर वेळा टाकूनही तो सुटणार नाही.

म्हणून आधी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, लॅपटॉपला ते वाय-फाय दिसते तरी का? राउटर ५ गिगाहर्ट्झवर असेल आणि जुन्या यंत्राला २.४ गिगाहर्ट्झच कळत असेल, तर नावही दिसणार नाही. दुसरी, सुरक्षा पद्धत दोघांनाही येते का? राउटरच्या सेटिंगमध्ये ‘डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३’ असा मिश्र पर्याय असेल तर तो निवडावा. लॅपटॉपच्या वाय-फाय कार्डाचे ड्रायव्हर अद्ययावत केले तर कधी नवी पद्धतही येऊ लागते. तिसरी, लॅपटॉपमध्ये त्याच नावाची जुनी नोंद साठलेली आहे का? असेल तर ती विसरायला सांगून नव्याने जोडावे. हे सारे जुळले की मगच पासवर्डकडे वळावे.

एक पळवाट मात्र टाळावी. जुना लॅपटॉप चालावा म्हणून काही जण राउटर पुन्हा वेपवर नेतात किंवा पासवर्डच काढून टाकतात. एका यंत्राच्या सोयीसाठी घरातल्या सगळ्या यंत्रांचे दार त्यामुळे उघडे पडते. लॅपटॉपला डब्ल्यूपीए-२ ही येत नसेल तर त्याला नवे वाय-फाय अडॅप्टर जोडावे किंवा केबलने जोडावे.

पासवर्डची ताकद मोजायची कशी?

लीलावतीच्या अखेरीस ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण आहे. वस्तू किती वेगवेगळ्या प्रकारे मांडता येतात, हा त्याचा विषय. त्यात भास्कराचार्य देवांच्या मूर्तींचे उदाहरण घेतात. विष्णूच्या चार हातांत चार आयुधे अदलाबदल करून दिली तर मूर्तींचे २४ प्रकार होतात. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे दिली तर प्रकार होतात ३६,२८,८००. हात अडीचपट झाले, प्रकार दीड लाख पट.

पासवर्डचेही असेच. फक्त आकड्यांचा आठ अंकी पासवर्ड असेल तर एकूण शक्यता १० कोटी. आठही जागी इंग्रजी लहान अक्षरे असतील तर शक्यता २०,८८२ कोटींच्या वर जातात. डब्ल्यूपीए-२ मध्ये चोराला ओळख पटवण्याचे हवेतले संदेश टिपून घरी नेता येतात आणि एकेक पासवर्ड संगणकावर तपासता येतो. जन्मतारीख किंवा मोबाइल क्रमांक पासवर्ड ठेवला तर शक्यता आणखीच घटतात. लांबी वाढवली की चोराचे काम झपाट्याने अवघड होते. डब्ल्यूपीए-३ ने घरी नेऊन तपासण्याचा हा मार्गच बंद केला. तिथे प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावे लागते.

उतारवयात त्यांनी कोणता ग्रंथ लिहिला?

वयाच्या ६९व्या वर्षी, ११८३ मध्ये, भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. पंचांग करणाऱ्याला रोजच्या कामात लागणारा हा सुटसुटीत ग्रंथ. सिद्धांतग्रंथात ग्रहांचा हिशेब कल्पाच्या आरंभापासून करतात, त्यामुळे दिवसांची संख्या अवाढव्य होते. करणग्रंथात जवळचा एक दिवस आरंभ धरतात आणि तिथून पुढचे दिवस मोजतात. या मोजलेल्या दिवसांना ‘अहर्गण’ म्हणतात. करणकुतूहलात हा आरंभ शके ११०५ म्हणजे ११८३ चा आहे. आयुष्यभर अवघड गणित केलेल्या माणसाने अखेरीस सामान्य पंचांगकर्त्याची आकडेमोड हलकी केली.

संगणकही वेळ असाच मोजतो. लिनक्ससारख्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासून लोटलेले सेकंद मोजतात. विंडोजचा आरंभ १ जानेवारी १६०१ चा आहे. आरंभ वेगळे, पण प्रत्येकाने आपला हिशेब बरोबर ठेवला तर दोघेही एकच तारीख सांगतात. जुन्या लॅपटॉपमधली घड्याळाची छोटी बॅटरी संपली की तारीख काही वर्षे मागे जाते. सर्व्हरच्या प्रमाणपत्राला मुदत असते. मागच्या तारखेत अडकलेल्या लॅपटॉपला ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नाही असे वाटते आणि तो जोडणी नाकारतो. महाविद्यालयाच्या वाय-फायवर फोन चालतो आणि लॅपटॉप अडतो, तेव्हा आधी लॅपटॉपची तारीख पाहावी ती यासाठी.

पाटणचा मठ कुणी सुरू केला?

भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर हेही विद्वान होते. यादव राजा जैत्रपाल याने त्यांना आपल्याकडे नेऊन पंडितांचे प्रमुख केले. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव पुढे यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी झाले. यादवांची राजधानी देवगिरी म्हणजे आजचे दौलताबाद. देवगिरीहून वेरूळ, कन्नड करत घाट उतरले की पाटण येते.

या चांगदेवांनी आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून पाटण येथे मठ स्थापन केला. स्थानिक निकुंभ घराण्यातील सोइदेव याने शके ११२८ मध्ये मठाला देणगी दिली. त्याचा भाऊ हेमाडिदेव यानेही पुढे मदत केली. हे सारे पाटणच्या देवीच्या मंदिरातील शिलालेखात कोरले आहे. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे आणि शेवटचा भाग जुन्या मराठीत. बाजारात उघडल्या जाणाऱ्या मालावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिल्याचे त्यात सांगितले आहे. तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यायचे, असेही आहे. गणिताच्या शाळेचा खर्च गावच्या बाजाराने उचलला, असा त्याचा अर्थ.

मुंबईचे डॉक्टर आणि प्राच्यविद्या अभ्यासक भाऊ दाजी लाड यांनी हा लेख शोधला आणि १८६५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे जर्मन विद्वान कीलहॉर्न यांनी त्याचे संपादन केले. तोवर पाटण गाव ओस पडले होते.

मठ गेला, मग ग्रंथ कसे टिकले?

कारण ते एकाच जागी बंद नव्हते. लीलावतीच्या नकला देशभर झाल्या, तिच्यावर टीका लिहिल्या गेल्या. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये लिहिलेली ‘बुद्धिविलासिनी’ ही त्यातली महत्त्वाची. अकबराच्या दरबारातील फैजी यांनी १५८७ मध्ये लीलावतीचा फारसी अनुवाद केला. घटिकापात्रात मोती अडकून लीलावतीचा मुहूर्त टळल्याची कथा याच अनुवादाच्या प्रस्तावनेतून पसरली. मूळ ग्रंथात ती नाही. शाहजहानच्या काळात, १६३४ च्या सुमारास, अताउल्ला रशीदी यांनी बीजगणिताचा फारसी अनुवाद केला. छत्रपती संभाजीनगरातील बीबी का मकबऱ्याचे वास्तुकार म्हणून ओळखले जातात ते हेच अताउल्ला. १८१७ मध्ये कोलब्रुक यांनी लीलावती आणि बीजगणित इंग्रजीत नेले.

बीजगणितातील ‘चक्रवाल’ पद्धतीने भास्कराचार्यांनी एक अवघड समीकरण सोडवले होते. एका वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या शोधायची. सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८०. फ्रान्समधील फर्मा यांनी १६५७ मध्ये हाच प्रश्न युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला. तो पाचशे वर्षांपूर्वी सुटला आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते.

मग वाय-फायच्या सुरक्षेचे श्रेय भास्कराचार्यांना द्यायचे का?

नाही, आणि तशी गरजही नाही. भास्कराचार्यांनी गुप्त संदेशांसाठी कुट्टक मांडला नव्हता. आरएसए शोधणाऱ्यांनीही लीलावती समोर ठेवून काम केले नव्हते. युरोपात हाच प्रश्न युक्लिडच्या भागाकाराच्या रीतीतून सुटत आला होता. एकच गणित दोन वाटांनी दोन ठिकाणी फुलले, एवढेच म्हणता येते.

पण एक गोष्ट दोन्हीकडे समान आहे. चांगल्या सुरक्षेत पद्धत लपवत नाहीत, फक्त किल्ली लपवतात. डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ यांचे हिशेब जगभरच्या तज्ज्ञांना उघड आहेत. म्हणूनच त्यांतले दोष सापडतात आणि दुरुस्त होतात. आणि पद्धत उघड असल्यामुळेच मॅक, विंडोज आणि अँड्रॉइड अशी तीन वेगळी यंत्रे एका राउटरशी बोलू शकतात. आपली रीत झाकून ठेवणाऱ्या कंपन्यांची यंत्रे वेपच्या काळात एकमेकांशी अडली होती.

भास्कराचार्यांनी आपल्या रीती उदाहरणांसह, कारणांसह लिहून ठेवल्या आणि कुठे उत्तर नाही तेही सांगितले. चांगदेवांनी त्या शिकवण्यासाठी मठ काढला. विद्या घराण्यातच राहावी असे त्यांनी ठरवले असते, तर पाटण ओस पडले तेव्हा तीही संपली असती. आज पाटणादेवीला जाणाऱ्यांना मठ दिसत नाही. पण त्यांच्या खिशातला फोन एखाद्या सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासत असतो, तेव्हा त्यामागची किल्ली १ बाकी उरेल असा गुणक काढूनच घडवलेली असू शकते.